माहिती सुरक्षा: आधी प्रयोगशाळा, मग व्याख्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणकाच्या पदवी अभ्यासक्रमांत माहिती सुरक्षेचा प्राथमिक पेपर आता सर्रास दिसतो. विषय आला हे बरेच झाले. पण तो ज्या क्रमाने शिकवला जातो त्याबद्दल, तोच विषय शिकवणारे म्हणून, आमची तक्रार आहे. सुरुवात गोपनीयता, अखंडता, उपलब्धता या त्रयीने. पाठोपाठ सीझरची अक्षरे सरकवायची युक्ती. मग डीईएस या मजकूर गुप्त करण्याच्या जुन्या पद्धतीतल्या १६ फेऱ्यांची आकृती. ५६ बिटांच्या किल्लीचे हे डीईएस १९९८ सालीच खास बांधलेल्या यंत्राने ५६ तासांत फोडले गेले. आकृती मात्र अजून घोटून घेतली जाते.

प्रत्यक्षात गुप्तलेखनामागचे गणित क्वचित फुटते. २०१४ साली ओपनएसएसएल या नेटवर्कवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सापडलेली हार्टब्लीडची चूक पाहा. समोरचा सर्व्हर जागा आहे ना, हे विचारणारा एक छोटा संदेश असतो: थोडा मजकूर पाठवायचा, त्याची लांबी सांगायची, सर्व्हर तोच मजकूर परत करतो. कोणी एकच बाइट पाठवून लांबी ६४ किलोबाइट सांगितली, तर सर्व्हर आपल्या मेमरीतला लगतचा तेवढा भाग मुकाट्याने देऊन टाकी. त्यात कधी पासवर्ड असे, कधी चक्क खासगी किल्ली. सांगितलेली लांबी आणि आलेली लांबी ताडून पाहायची राहिली होती, इतकेच. हे समजायला मेमरी आणि नेटवर्क आधी माहीत हवे, म्हणून ते दोन विषय क्रिप्टोग्राफीच्या, म्हणजे गुप्तलेखनाच्या, आधी घ्यावेत असे आमचे ठाम मत आहे.

प्रयोगशाळेला मोठे सामान लागत नाही. ८ जीबी रॅमच्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स या संगणकातच आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लिनक्सची तीन आभासी यंत्रे चालतात. डेस्कटॉप न घेता नुसत्या टर्मिनलवर काम केले तर प्रत्येकाला १ जीबी पुरते: एक सर्व्हर, एक क्लायंट, एक टेहळणीसाठी. नेटवर्क ‘इंटर्नल’, म्हणजे या यंत्रांपुरतेच, ठेवायचे. इथे कोणी ‘ब्रिज्ड’ निवडले, तर मुद्दाम कच्चे ठेवलेले यंत्र सगळ्या खऱ्या नेटवर्कला दिसू लागते. बाकी अडचणी ठरलेल्या. यंत्र सुरूच होत नसेल तर बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन बंद असते. क्लोन करताना नवे मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे ओळखक्रमांक) घ्यायचे राहिले, की दोन यंत्रे एकाच पत्त्यावर भांडतात. आणि टेहळणीच्या यंत्राला काहीच ऐकू येत नाही, कारण व्हर्च्युअलबॉक्समध्ये प्रॉमिस्क्युअस मोड, म्हणजे इतरांचे संदेशही ऐकण्याची मुभा, मुळात नाकारलेला असतो. तो ‘अलाऊ ऑल’ करावा लागतो. तीनही यंत्रे नीट चालू लागली की लगेच स्नॅपशॉट, म्हणजे यंत्राच्या त्या स्थितीची परत आणता येणारी नोंद, घ्यावा. नाहीतर पुढचा तास दुरुस्तीत जातो.

आता क्लायंटवरून टेलनेट या मजकूर उघडाच पाठवणाऱ्या जुन्या पद्धतीने, २३ क्रमांकाच्या पोर्टवर (सर्व्हरवरच्या त्या सेवेच्या दारावर), लॉगिन करायचे आणि टेहळणीच्या यंत्रावर नेटवर्कवरची ये-जा टिपणाऱ्या टीसीपीडंपने पकडलेली फाइल, ती वाचून दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये उघडून पूर्ण संवाद बघायचा. नावातले प्रत्येक अक्षर दोनदा दिसते: एकदा गेलेले, एकदा सर्व्हरने पडद्यासाठी परत पाठवलेले. पासवर्ड मात्र एकेकच अक्षराने उमटतो, कारण तो परत पाठवला जात नाही. हेच काम एसएसएच या गुप्त जोडणीने केले की मजकूर झाकला जातो. कोण कोणाशी, किती वेळ, किती बाइट बोलले हे तरीही दिसतच राहते. एन्क्रिप्शन काय लपवत नाही, हे फळ्यावर सांगून पटत नाही.

पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता त्याचा हॅश, म्हणजे उलट न फिरवता येणारा ठसा, साठवतात; ते समजण्यासाठी आकडेमोडच करून घ्यावी. इंग्रजीच्या लहान लिपीतली आठ अक्षरे घेतली तर शक्यता होतात सुमारे २०,९०० कोटी. एमडी५ या जुन्या, वेगवान पद्धतीचे सेकंदाला १०० कोटी हॅश धरले (आजच्या ग्राफिक्स कार्डाला हा वेग कमीच), तर साडेतीन मिनिटांत सगळ्या संपतात. मुद्दाम संथ केलेली बीक्रिप्ट ही पद्धत १२ च्या कॉस्टवर (संथपणाच्या मापावर), एका कोअरवर, एका हॅशला साधारण पाव सेकंद घेते. त्याच शक्यतांना साडेसोळाशे वर्षे लागतील. पण इथेच थांबू नये. पासवर्ड नेहमीच्या १०,००० शब्दांतला असेल तर बीक्रिप्ट असूनही पाऊण तासाच्या आत सापडतो. सॉल्टमुळे, म्हणजे प्रत्येक पासवर्डला जोडलेल्या वेगळ्या यादृच्छिक मजकुरामुळे, फायदा इतकाच, की ही मेहनत प्रत्येक खात्यासाठी नव्याने करावी लागते. या प्रयोगात एक बारीक खड्डा आहे: टर्मिनलवर ‘इको’ ही आज्ञा दिलेल्या शब्दामागे नवी ओळ जोडते, त्यामुळे हॅश पुस्तकाशी जुळत नाही आणि अर्धा वर्ग गोंधळतो. ‘एन’ हा पर्याय दिला की जुळतो.

एसक्यूएल इंजेक्शनच्या (चौकटीत भरलेल्या मजकुरातून डेटाबेसला भलतीच आज्ञा देण्याच्या) प्रश्नाच्या उत्तरात विद्यार्थी हमखास ‘अवतरणचिन्हे गाळावीत’ असे लिहितात आणि त्यांना गुणही मिळतात. क्रमांक घेणाऱ्या चौकटीत अवतरणचिन्ह लागतच नाही; क्रमांकापुढे ‘किंवा १ = १’ या अर्थाची अट जोडली की सगळ्या नोंदी बाहेर. उपाय पॅरामीटर असलेल्या क्वेरीचा, म्हणजे आज्ञा आणि भरलेला मजकूर वेगवेगळे देण्याचा, कारण तिथे आलेला मजकूर आज्ञेचा भाग बनूच शकत नाही. मात्र तक्त्याचे किंवा स्तंभाचे नाव पॅरामीटर म्हणून देता येत नाही. ते आधी ठरवलेल्या यादीशी ताडूनच घ्यावे लागते. ही मेख बहुतेक टिपणांत सापडत नाही.

हे सारे फक्त आपल्याच आभासी यंत्रांवर. लेखी परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेचे नुसते पोर्टसुद्धा चाचपू नयेत, हे पहिल्या तासाला सांगावे. शेवटच्या प्रकरणात येणाऱ्या ‘सायबर कायद्या’पर्यंत थांबू नये.

राहिली परीक्षा. व्याख्यांऐवजी लॉगिनचा ४० ओळींचा प्रोग्राम द्यावा, त्यात तीन चुका पेराव्यात. विद्यार्थ्याने चूक शोधावी, तिचा गैरफायदा घेऊन दाखवावा, दुरुस्ती करावी आणि तोच हल्ला पुन्हा चालवून तो आता फसतो हे दाखवावे. आमच्या अनुभवात ही शेवटची पायरी सर्वाधिक जण गाळतात. म्हणून निम्मे गुण तिलाच ठेवावेत.

आपले,
माहिती सुरक्षा शिकवणारे काही प्राध्यापक