हाजिया, तुमच्या स्वयंपाकघरातल्या हौसासाठी

आदरणीय हाजिया,

या पत्रातला मजकूर मी तुम्हांला फोनवर हौसात, म्हणजे तुमच्या उत्तर नायजेरियातल्या भाषेत, सांगेनच. पण नोकरीधंद्यासाठी उत्तर नायजेरियात जाणाऱ्या मराठी माणसांनीही तो वाचावा, म्हणून मराठीत आणि उघडपणे लिहिते आहे. तिथल्या कानो शहरात मला हौसाची चार वाक्यं नीट बोलता येऊ लागली ती तुमच्यामुळे.

तुम्ही मला तक्ते पाठ करायला लावले नाहीत. तांदूळ धुवायला घेतले की म्हणायचात, 'झन दफा शिंकाफा', मी भात शिजवीन. पातेलं चुलीवर चढलं की 'इना दफा शिंकाफा', शिजवते आहे. उतरवलं की 'ना दफा शिंकाफा', शिजवला. मराठीत आपण क्रियापदाचा शेवट बदलत जातो. इथे 'दफा' तसाच राहिला आणि काळ सांगायचं सगळं काम आरंभीच्या एवढ्याशा शब्दाने केलं. हौसाच्या व्याकरणाचा कणा तोच, आणि तो मला भात होईपर्यंत समजला!

शिजवलं का, असं मला विचारताना 'किन दफा?' आणि तुमच्या मुलाला 'का दफा?'. समोर बाई आहे की पुरुष, हे हौसातला 'तू'च सांगतो. 'गेलास', 'गेलीस' म्हणत वाढलेल्या मला त्यात परकं काहीच वाटलं नाही. नकार मात्र वाक्याला दोन्हीकडून धरतो: 'बन दफा शिंकाफा बा', मी भात शिजवला नाही. तो शेवटचा 'बा' माझ्या तोंडून येईपर्यंत तुम्ही हातातलं काम थांबवून वाट बघायचात. इतका धीर मी फार थोड्या शिक्षकांत पाहिला आहे.

षष्ठी तुम्ही शहरातच दाखवलीत. 'गिदन मकामा', म्हणजे मकामाचं (एका दरबारी मानकऱ्याचं) घर, आजचं संग्रहालय. 'कोफर माता', बायकांची वेस, जिथले निळीचे रंगकुंड 1498 पासूनचे असल्याचं सांगतात. वस्तू आधी, मालक नंतर, आपल्या अगदी उलट. 'गिदा' पुल्लिंगी म्हणून 'न' जोडायचा, 'कोफा' स्त्रीलिंगी म्हणून 'र'. त्या दोन पाट्या वाचल्यावर हा नियम वहीत लिहावाच लागला नाही.

आणि सूर! 'इना' म्हणजे 'कुठे' आणि 'इना' म्हणजे 'मी करते आहे', लिहिताना दोन्ही सारखेच. पहिल्यात आवाज खालून वर जातो, दुसऱ्यात वरून खाली येतो. रोजच्या लिखाणात या सुरांची खूण नसते, त्यामुळे माणसाच्या तोंडूनच ते शिकावे लागतात. नव्याने जाणाऱ्यांनो, पुस्तक जरूर घ्या, पण शेजारणीच्या ओट्यापाशी उभे राहा.

हाजिया, तुमचे मनापासून आभार. अनेकवचनं अजून राहिली आहेत. 'गिदा'चं 'गिदाजे', पण 'मोता'चं (मोटारीचं) 'मोतोची' कसं होतं, ते पुढच्या फोनवर तुमच्याकडूनच ऐकायचं आहे.

तुमची नाशिकची शेजारीण