अंथरुणातला वेळ कमी कर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. रात्री १० ला पाठ टेकायची, १२ पर्यंत कुशी बदलायच्या, ३ ला पुन्हा डोळे टक्क उघडे, आणि तेवढीच चार मिनिटं पदरात पडतील म्हणून सकाळी ७ पर्यंत लोळायचं. गोळ्यांशिवाय मार्ग हवा म्हणतोस, तर तो आहे. दीर्घ निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून डॉक्टरही आता गोळीआधी तोच सुचवतात. फक्त सुरुवातीला तो उलटा वाटेल.

कामाच्या ताणाने झोप उडाली, हे मान्य. पण तो ताण ओसरून चार महिने झाले, तरी झोप परतली नाही. आर्थर स्पीलमन या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात याची फोड केली होती. काहींची झोप मुळातच सावध असते. एखाद्या धक्क्याने ती बिघडते. आणि धक्का सरल्यावर ती बिघडलेलीच राहते, ती आपण गमावलेली झोप भरून काढायला जे करतो त्यामुळे. तू नेमका या तिसऱ्या टप्प्यावर आहेस.

झोपेची भूक असते. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि रात्रीपर्यंत ती भूक चांगली पेटते. तू सकाळी उशिरापर्यंत लोळतोस, दुपारी डुलकी काढतोस, म्हणजे जेवणाआधी चरत राहतोस. मग पानावर बसल्यावर भूक कुठली? दुसरी गोष्ट शरीराच्या घड्याळाची. ते मुख्यतः उजेडावर चालतं, आणि उठायची वेळ रोज बदलली की गोंधळतं. तिसरी सर्वांत चिवट: महिनोन् महिने अंथरुणात तळमळलास, की मेंदू अंथरूण म्हणजे जागं राहायची जागा असं शिकतो. दिवाणखान्यात पेंगणारा माणूस खोलीत गेला की टवटवीत होतो, तो यामुळे.

आता कामाचं. आधी २ आठवडे वही ठेव. अंथरुणात कधी गेलास, अंदाजे कधी डोळा लागला, मध्ये किती जागा होतास, कधी उठलास, एवढंच सकाळी लिही. रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेव, फोन खोलीबाहेर. ‘आता ४ तासच उरले’ हा हिशेब मांडला की उरलीसुरली झोपही जाते.

तू लिहिलंस त्यावरून अंथरुणात ९ तास आणि झोप साधारण साडेपाच. म्हणजे ६१ टक्के. हा आकडा ८५च्या वर न्यायचा. त्यासाठी अंथरुणातला वेळ झोपेइतकाच ठेवायचा: उठायची वेळ पक्की ६, म्हणून आडवं व्हायची वेळ १२:३०. त्याआधी झोप आली तरी नाही. आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांच्या वर गेली की १५ मिनिटं वाढव, म्हणजे १२:१५. ८०च्या खाली राहिली तर १५ मिनिटं कापायची, पण ५ तासांच्या खाली कधीच जायचं नाही. असं सरकत सरकत दिवसा ताजंतवानं वाटेल तिथं थांब. ते ७ तासही असेल, साडेसहाही. आठाचा आकडा डोक्यातून काढून टाक.

सोबत एक नियम. साधारण २० मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं, किंवा आतून चिडचिड सुरू झाली, की उठायचं. दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं आणि डोळे जड झाल्यावरच परतायचं. एका रात्रीत पाच वेळा उठावं लागलं तरी चालेल. नुसती थकावट आणि झोप यांत गल्लत करू नकोस: अंग गळून गेलेलं असतं तरी माणूस टक्क जागा असू शकतो. पापण्या मिटायला लागतात, मान डुलते, ती झोप.

पहिले दोन आठवडे जड जातील, आणि बहुतेकांचा धीर नेमका तिथं सुटतो. रविवारी ९ पर्यंत झोपलास तर त्या रात्रीची भूक गेलीच. संध्याकाळी सोफ्यावरची १० मिनिटांची डुलकीसुद्धा महागात पडते, म्हणून रात्री ९ नंतर बसूच नकोस, उभ्याने करायची कामं काढ. या काळात पेंग येत असेल तर गाडी चालवू नकोस. फिट्स येणाऱ्यांनी किंवा उन्माद-नैराश्याचा आजार असणाऱ्यांनी हा प्रकार स्वतःहून करू नये, कारण जागरणाने दोन्ही आजार उसळतात.

बाकीचं थोडक्यात. उठल्यावर अर्धा तास बाहेरच्या उजेडात. चहा-कॉफी दुपारी १२ नंतर बंद: कॅफिन त्याच अॅडेनोसिनचा रस्ता अडवतं आणि ५-६ तासांनीही निम्मं अंगात असतं. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोपेचं खोबरं होतं. विचारांसाठी संध्याकाळी १५ मिनिटं राखून ठेव. काळजी आणि तिचं पुढचं पाऊल कागदावर उतरव. आणि आडवं झाल्यावर झोपायची खटपट सोड. उलट अंधारात डोळे उघडे ठेवून शांत जागं राहायचा प्रयत्न कर. चेष्टा नाही, हे तंत्र खरंच वापरतात. झोप ओढून आणता येत नाही.

हे सुरू करण्याआधी मात्र डॉक्टरांना भेट. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी डोकं जड असणं, ही स्लीप अॅप्नियाची लक्षणं. त्यावर वरचं काही लागू पडणार नाही. रात्री पाय हलवल्याशिवाय राहवत नसेल तर शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन तपासून घे. थायरॉइड, जुनी दुखणी, नैराश्य, चालू असलेली औषधं, सगळं सांग. स्टेरॉइड आणि सर्दीच्या काही गोळ्याही झोप घालवतात. कोणतंही औषध स्वतःहून बंद करू नकोस.

वही आज रात्रीच उशाशी ठेव. दोन आठवड्यांचे आकडे पाठव, वेळा मिळून ठरवू.

तुझाच,
मित्र