‘कितव्या थरापासून गेली, बघ’

मिस्त्रीमामा, सादर नमस्कार.

तुमची नात तुम्हाला हे वाचून दाखवील, या भरवशावर लिहितोय.

2019 च्या ऑगस्टात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 55 फूट ओलांडले. धोक्याची पातळी 43 फूट. पाणी उतरलं तेव्हा शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराची मागची मातीची भिंत बसली होती. मी बी.कॉम.ला दोनदा नापास होऊन घरात बसलेलो. भिंत बांधायला तुम्ही आलात आणि मला चिखल उपसताना बघून विचारलंत, "येतोस का हाताखाली?"

पहिले चार महिने थापीला हात लावू दिला नाहीत. विटा भिजवायच्या, माल कालवायचा, घमेली द्यायची. मनातून मी धुमसत होतो. मग एकदा तुम्ही मला पिंपापाशी बसवलंत. वीट पाण्यात सोडली की बुडबुडे येतात, आधी भराभरा, मग एखाद-दुसरा. "ती बोलायची थांबली की काढायची. तहानलेली वीट मालातलं पाणी पिती, मग सिमेंट धरणार कसं?" एका गोष्टीकडं इतका वेळ मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

पण मला आभार मानायचेत ते फुलेवाडीतल्या त्या संध्याकाळचे. साडेचार इंची भिंत, माझ्या हातची पहिली. मालक आले, म्हणाले, "भिंत कललीय. कुणी बांधली?" माझी जीभ टाळ्याला चिकटली. तुम्ही म्हणालात, "काम माझं हाय, चूक बी माझी. उद्या सरळ मिळंल."

मालक गेल्यावर तुम्ही ओळंबा, भिंत सरळ आहे का बघायचं ते दोरीला टांगलेलं वजन, सोडलात. तो डोलायचा थांबेपर्यंत दोघंही गप्प. पाऊण इंचाचा फरक. रागावला नाहीत, एवढंच म्हणालात, "कितव्या थरापासून गेली, बघ." सहाव्या. जेवणानंतर मी घाईत दोरी वर न घेताच विटा लावत सुटलो होतो. माल अजून ओला होता. आपण दोघांनी सहाव्या थरापर्यंत भिंत उतरवली, विटा धुतल्या, पुन्हा लावल्या. शनिवारी माझी हजेरीही कापली नाहीत.

मामा, तोवर माझ्या नापास होण्याला पेपर, मास्तर, घरची परिस्थिती, सगळे जबाबदार होते. त्या रात्री पहिल्यांदा मी माझेच थर मोजत बसलो. पुढच्या वर्षी फॉर्म भरला, पास झालो. काम मात्र सोडलं नाही, सोडावंसं वाटलंच नाही.

2021 च्या जुलैत पुन्हा घरात पाणी आलं. ओसरल्यावर आधी तुम्ही बांधलेल्या मागच्या भिंतीला ओळंबा लावला. वरपासून खालपर्यंत दोरी आणि भिंत यांत तेवढंच अंतर.

आता तिच्यावरच वरची खोली चढवलीय. विटा मीच भिजवल्या, भिंती मीच बांधल्या. सोमवारी गिलावा धरणार आहे. त्याआधी रविवारी या, तुमचा ओळंबा घेऊन. आई जेवायला वाट बघेल.

तुमच्या हाताखालचा पोरगा