फाटकाबाहेरचा दवाखाना

चि. सुजाता हिस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, दिवसभर रेशनकार्डं आणि तहसीलदाराचे दाखले तपासते. ह्यात समाजसेवा कुठं आली?" ट्रस्टच्या हॉस्पिटलात समाजसेवा विभागात लागलीस तेव्हा किती हरखली होतीस, आणि एवढ्यात हा सूर. फोनवर नीट बोलता येईना, म्हणून लिहायला बसले.

पहिलं म्हणजे ते काम हलकं समजू नकोस. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार २००६ पासून राज्यातल्या धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या, रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. शिवाय बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. तुला हे पाठ आहे. तुझ्या टेबलासमोर पदर सावरत उभ्या राहणाऱ्या बाईला ते माहीत नसतं. तुझ्या मामाच्या ऑपरेशनच्या वेळी आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या बाकावर बसून आम्ही पैशांची जुळवाजुळव करत होतो, मामीनं डोरलं मोडलं. योजनेचा फलक औषधाच्या दुकानामागच्या बोळात होता, तो बिल भरून निघताना दिसला. त्या दिवशी तुझ्यासारखी एखादी पोरगी तिथं बसलेली असती, तर मामीचं डोरलं वाचलं असतं.

तरी तुझी खंत खरी आहे. माणूस तुझ्या टेबलापर्यंत पोचतो तोवर त्याचं बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. दाखला मिळाला, ऑपरेशन झालं, तो घरी गेला, की पुन्हा तेच पाणी, तीच उपासमार. ह्याचा विचार आपल्याच तालुक्यात फार पूर्वी झालेला आहे. आजी आरोग्य कार्यकर्ती होती एवढं तुला माहीत आहे, पण त्या कामाची सुरुवात कशी झाली हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको वेल्लोरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले. आपल्याच नगर जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करताना त्यांच्या लक्षात आलं की बहुतेक रुग्ण टाळता येण्यासारख्या आजारांनी येतात, बरे होऊन जातात आणि तोच आजार घेऊन परत येतात. मग अमेरिकेत बाल्टिमोरला जाऊन दोघांनी सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि १९७० मध्ये जामखेडला आले. जामखेड म्हणजे तेव्हा दुष्काळी, आडवळणाचं गाव. जनावरांच्या जुन्या दवाखान्यात त्यांनी काम सुरू केलं. गावोगाव जाऊन लोकांना विचारलं, तुम्हाला काय हवं? लोकांनी दवाखाना मागितलाच नाही. अन्न आणि पाणी मागितलं.

मला त्या दोघांचं मोठेपण इथं वाटतं. आम्ही डॉक्टर आहोत, पाणी आमचं काम नव्हे, असं म्हणून ते मोकळे झाले नाहीत. १९७२चा दुष्काळ आला तेव्हा बोअर घेण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं. जागा ठरवताना भूजलतज्ज्ञाला सांगून ठेवलं होतं की बोअर दलित वस्तीत पडेल असं बघा. आजी सांगायची, जन्मभर आम्ही वरच्या आळीच्या विहिरीपाशी घागर घेऊन ताटकळत उभ्या राहायचो, कुणी ओतलं तर पाणी. आणि आता वरच्या आळीच्या बायका आमच्या हातपंपावर. सुरुवातीला कुरकूर झाली. पण तहानेपुढं कोण किती दिवस कुरकुरणार? त्या पंपाचं पाणी स्वच्छ होतं, पोरांची हगवण कमी झाली. गावातल्या तरुण शेतकऱ्यांनी मंडळं काढली, बारक्या पोरांसाठी ज्वारी-शेंगदाणे गोळा करून गावातच शिजवायला लागले.

आरोळे डॉक्टरांनी सुरुवातीला शिकलेल्या नर्सबाया खेड्यात ठेवून पाहिल्या होत्या. परगावची एकटी मुलगी तिथं रमेना, आणि गाव तिचं ऐकेना. मग ठरलं, गावानंच आपल्यातली एक बाई निवडायची. अशी आपल्या गावानं तुझी आजी निवडली. आजीला अक्षर ओळखता येत नव्हतं. दर आठवड्याला ती जामखेडला शिकायला जायची, मुक्कामाला. सगळ्या जातींच्या बाया एकत्र शिकायच्या, एकत्र जेवायच्या, आणि रात्री एकाच मोठ्या शिवलेल्या पांघरुणाखाली झोपायच्या. पहिल्या रात्री ती कडेला अंग चोरून पडली होती म्हणे.

मी सून म्हणून आले तेव्हा तिची पिशवी खुंटीला असायची. साबणाची वडी, नखं घासायचा ब्रश, उकळून ठेवलेला दोरा, कागदात गुंडाळलेलं कोरं पातं. त्या पिशवीला पोराटोरांनी हात लावायचा नाही, असा दंडक होता. एकदा मी तिच्याबरोबर पाटलांच्या वाड्यावर गेले होते. सून गरोदर होती, दिवस भरत आले होते. आजीनं ब्रशनं नखं घासून कोपरापर्यंत हात धुतले, पोट चाचपलं, डोळे मिटून पुन्हा चाचपलं. मग सासूला म्हणाली, "बाळ आडवं हाये. ही घरी मोकळी व्हायची न्हाई. कळा सुरू व्हायच्या आधी जामखेडला न्या, आजच." सासू घुटमळली. आजी उठली नाही. बैल जुंपेपर्यंत तिथंच बसून राहिली आणि गाडीतून सोबत गेली. जामखेडच्या दवाखान्यात सिझर झालं, आई आणि मुलगा दोघं वाचले. ज्या वाड्यात आजीचा चहाचा कप बाहेर कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा, तिथं पुढं तिला आत बसवून घरातल्या कपबशीत चहा मिळायला लागला.

ह्यात दवाखान्याची जागा कुठं आहे ते बघ. दवाखाना हवाच होता. सिझर झोपडीत होत नाही. पण तिथं कोण जावं, कधी जावं, हे गावातली बाई ओळखत होती. बाकीचं तीच निभावत होती. जुलाबात पोराला पाणी तोडायचे, ते बंद करून मीठ-साखरेचं पाणी पाजायला तिनं शिकवलं. पहिला चीक पिळून टाकायचे, तो बाळाला पाजायला लावला. गरोदरपणी बाईला अर्धपोटी ठेवायचे, त्यावर सासवांशी भांडली. पाठीवरचा न दुखणारा चट्टा ओळखून कुष्ठरोग्याला औषध चालू करून दिलं, त्याला गावाबाहेर काढू दिलं नाही. १९७१ मध्ये त्या भागात हजार बाळांमागं १७६ दगावत होती. वीसएक वर्षांत तो आकडा पंचविसाच्या आसपास आला. आरोळे दाम्पत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पुढं डॉ. रजनीकांत यांना पद्मभूषणही. मला मात्र त्या बालमृत्यूच्या आकड्यापुढं दुसरं काही मोठं वाटत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचंही तसंच. गोंड लोक मोठ्या इमारतीला, पांढऱ्या कोटाला बिचकायचे. म्हणून त्यांनाच विचारून झोपड्यांच्या पाड्यासारखा दवाखाना बांधला आणि त्यांच्या दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. खेड्यांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. नवजात बाळाचं वजन, श्वास, ताप बघायचा, जंतुसंसर्ग ओळखायचा आणि घरीच इंजेक्शन द्यायचं, हे सातवी-आठवी शिकलेल्या बाईला जमतं की नाही, ह्याची त्यांनी ३९ गावांत रीतसर नोंदी ठेवून तपासणी केली. नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले, आणि १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज तुझ्या वहिनीच्या बाळाला बघायला आशाताई दीड महिन्यात सहा वेळा येते, त्यामागं जामखेड आहे आणि गडचिरोलीही आहे.

आता तुझ्या हॉस्पिटलाबद्दल. तू म्हणतेस तिथं दर महिन्याला शिबिरं होतात. कुठल्याशा गावात मंडप घालायचा, बॅनर लावायचा, बीपी-शुगर मोजायची, चष्मे वाटायचे आणि संध्याकाळी निघायचं. वाईट काही नाही, मोतीबिंदूचे रुग्ण तरी सापडतात. पण ज्याची शुगर वाढलेली निघाली त्याच्याकडं पुढच्या महिन्यात कोण जातं? कुणी जात नसेल तर मी त्याला गावाला आधार म्हणणार नाही. आधार द्यायचा तर त्याच गावात पुन्हा पुन्हा जावं लागतं, तिथल्या आशाताईला बरोबर घ्यावं लागतं, तिला जे येत नाही ते शिकवावं लागतं, आणि लोकांनी गटार किंवा दारूचा गुत्ता म्हणून सांगितलं तर तेही ऐकून घ्यावं लागतं. हे तू एकटी करू शकणार नाहीस, मला कळतं. नवीन आहेस, वर साहेब आहेत, ट्रस्टी आहेत. पण सुरुवात तुझ्या टेबलावरून करता येईल.

तुझ्या रजिस्टरात प्रत्येक गरीब रुग्णाचा पत्ता आणि आजार असतो. त्यातली गावं, वस्त्या एका वहीत उतरव. समोर आजार लिही, आणि दुखणं सुरू होऊन किती दिवसांनी माणूस आला तेही विचारून लिही. थोड्या महिन्यांत तुलाच दिसेल की कुठल्या एका वस्तीतून पोरं सारखी जुलाबानं येताहेत, कुठून बाया रक्त पार कमी झाल्यावर येताहेत. सुट्टीच्या दिवशी त्या वस्तीत जा. हॉस्पिटलचं ओळखपत्र पिशवीत ठेव, आशाताईचं घर विचार आणि तिच्या ओट्यावर बस. मग ती वही घेऊन साहेबांकडं जा. नुसत्या तळमळीपेक्षा असा कागद ते लवकर ऐकतील.

दिवाळीत येशील तेव्हा एक दिवस जास्तीची रजा काढ, आपण जामखेडला जाऊन येऊ. आजीबरोबर शिकलेल्या एक-दोघी अजून आहेत, त्यांना तुझ्याकडून ऐकायचंय की शहरातला दवाखाना कसा चालतो. शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचं पीठ येणाऱ्या माणसाबरोबर पाठवते. बाबांच्या बीपीच्या गोळ्या ह्या वेळी उपकेंद्रातून मिळाल्या, त्या पाठवू नकोस.

तुझी,
आई