डायस आउटपोस्ट अडलंय, कमांडर मंडळी!

सप्रेम नमस्कार.

डायस हे आपलं अर्धवट बांधलेलं अंतराळ स्थानक मालाअभावी अडलंय. त्याबद्दल आपल्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे आपल्या खेळाडूंच्या गटात, नव्याने काय सांगायचं? एलिट डेंजरस या अंतराळातल्या व्हिडिओ गेममध्ये २०२५ साली वसाहती वसवायची सोय आली आणि आपण ही सिस्टीम (तारा आणि त्याचे ग्रह) पटकावली. स्थानकाचं नाव गेमनेच दिलं. तेव्हा काहींनी नाकं मुरडली होती. पण १४८८ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालणारा पोर्तुगीज दर्यावर्दी बार्थोलोम्यू डायस १५०० मध्ये त्याच टोकाजवळच्या वादळात बुडाला, भारत त्याला कधी दिसलाच नाही, हे कळल्यापासून नावाविरुद्ध कुणी बोललेलं नाही.

क्लेमचे, म्हणजे सिस्टीमवर हक्क सांगण्याचे, अडीच कोटी क्रेडिट (गेममधलं चलन) आपल्या खजिनदारांनी एकट्याने भरले आणि अजून परत मागितलेले नाहीत. २५,००० टन पोटात घेणारं फ्लीट कॅरिअर हे महाजहाज ज्यांनी दिलं, त्यांनी त्याचं इंधन ट्रिटियमही पदरचं घातलं. रात्रपाळीचे ते दोघे टाइप-नाइन मालवाहूवाले! ती जहाजं म्हशीसारखी वळतात, तरी उतरायच्या पॅडवर एक ओरखडा नाही. आणि आपला सर्वांत नवा सदस्य. हाताशी फक्त छोटं कोब्रा जहाज, पण मालाची फेरी चुकवत नाही. त्याच्याकडे बघून मोठ्या जहाजवाल्यांना काही वाटावं, एवढीच अपेक्षा.

माल आणण्याच्या मागच्या आवाहनाला तीन उत्तरं आली. दोघांनी जहाजाच्या रंगाबद्दल विचारलं होतं. असो. उद्घाटनाच्या फोटोला मात्र सगळे येतील, हे मी लिहून देतो.

चार आठवड्यांच्या मुदतीतला हा शेवटचा आठवडा. मुदत टळली तर क्लेम जातो. पोलाद, टायटॅनियम, ॲल्युमिनियम, द्रव ऑक्सिजन सगळंच हवंय. सगळ्यात ओढ सीएमएम कंपोझिट या बांधकामाच्या मालाची, ते बहुधा ग्रहावरच्या बंदरांतच मिळतं. सोलोत, म्हणजे एकट्याने, खेळलात तरी माल याच कामात जमा होतो, उतरवल्याचे पैसेही मिळतात. आउटपोस्ट उभं राहिलं की तिथे मोठा पॅड नसेल, बांधकामाच्या जहाजावर आत्ता आहे. तेव्हा टाइप-नाइन, कटर अशी मोठी जहाजं असलेल्यांनी आत्ताच यावं.

आपला,
सचिव

ता.क. कॅरिअरवर माल टाकताना आधी यादी बघा. परवा कुणीतरी चहा आणून ठेवलाय.