फोटोखाली रंगांची नावं लिहिणाऱ्या ताईला

प्रिय ताई,

तुला हे अजिबात आवडणार नाही हे माहितीये मला. चारचौघात कुणी कौतुक करायला लागलं की तू लगेच मांजराचा फोटो टाकून विषय बदलतेस. पण तुला एकटीला लिहिलं असतं तर "बरं बरं, झोप आता" म्हणून मिटवून टाकलं असतंस, म्हणून सगळ्यांना दिसेल असं लिहितोय. नाव घेत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

काल नव्या कामाच्या कॉलवर मी पहिल्यांदा स्वतःहून सांगितलं की मला लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत. समोर पाच-सहा जण होते, कुणालाच ओळखत नव्हतो, आवाज थोडा थरथरला पण बोलून टाकलं. कॉल संपला, लॅपटॉप मिटला आणि बसून राहिलो तर डोळ्यासमोर काय आलं सांगू? लोकरीचे दोन गोळे.

तुला आठवत असतील का ते, माहीत नाही. आपल्या डिझायनर मंडळींच्या रात्रीच्या अवांतर गप्पा चालल्या होत्या, त्यात कामाचं अक्षरही काढायचं नाही असं न ठरवताच ठरलेलं. कुणाचा कीबोर्ड किती वाजतो, कुणाचा मॉनिटर अजून पुस्तकांच्या चळतीवर उभा आहे, सेव्हच्या चिन्हातली फ्लॉपी ज्या पोरांनी कधी हातात धरली नाही त्यांना ते चौकोनी काय वाटत असेल, कुणाला तीन दिवस झोप नाही, असलं सगळं. मी जास्त बोलायचो नाही तेव्हा, वाचत बसायचो. दिवसभर एकट्यानं काम केल्यावर माणसांची कुजबुज कानावर पडावी तसं वाटायचं ते. मग एकीनं लोकरीच्या दोन गोळ्यांचा फोटो टाकला आणि विचारलं मफलर विणायचाय, कुठला घेऊ. आणि मी, नेमका मी, लिहून बसलो, "दोन्ही एकच आहेत ना?"

झालं. हसण्याचा पूर आला. एकानं लिहिलं "आणि म्हणे डिझायनर!" तो वाईट माणूस नाहीये, त्याच्या मनातही काही नसणार, पण माझे हात गार पडले. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो होतो, फक्त इथे ऐकेन असं वाटलं नव्हतं. बाहेर पडायचं आणि परत यायचंच नाही असं ठरवलं होतं मी, खरंच, बोट त्या बटणावर होतं.

तेवढ्यात तू लिहिलंस. मला उद्देशून काहीच नाही. फक्त, "डावीकडचा वाळल्या पानासारखा तपकिरी आहे, उजवीकडचा शेवाळी हिरवा. या उजेडात दोन्ही फार जवळ आलेत. मी डावा घेईन." आणि पुढच्या ओळीत मफलर किती लांब विणणार ते विचारलंस. गप्पा पुढे गेल्या. कुणाला पत्ताही लागला नाही की तू मधे येऊन उभी राहिलीस.

त्याच रात्री तुझा वेगळा मेसेज आला. "तुला रंग असे नेहमी जवळजवळ दिसतात का? सांगायचं नसेल तर सोड." मी सगळं सांगून टाकलं, न थांबता, परिच्छेद नाही की स्वल्पविराम नाही. आणि तू त्यावर विचारलंस, "मग तू रंग निवडतोस कसे?" ताई, एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं की डोळ्यावर विश्वास ठेवत नाही, हेक्स कोड, म्हणजे संगणकावरचे रंगांचे आकडे, पाठ आहेत, प्रत्येक रंगाचा आकडा बघतो, गडद-फिकट किती ते मोजतो, मगच पुढे जातो. तू म्हणालीस, "म्हणजे आम्ही जे अंदाजे करतो ते तू मोजून करतोस." मी ते वाक्य तीन-चारदा वाचलं.

आता जरा मागचं बोलतो, कारण ते बोलल्याशिवाय तू काय केलंस ते कुणाला समजणार नाही. शाळेत चित्रकलेच्या तासाला मी झाडाची पानं तपकिरी रंगवली होती. सरांनी तो कागद उचलून वर्गाला दाखवला आणि विचारलं, झाड मेलंय का रे तुझं? मी नऊ वर्षांचा होतो. त्यांनी मला जवळ बोलावून एकदा, फक्त एकदा विचारलं असतं की बाळा तुला हे पान कसं दिसतं, तर पुढची कितीतरी वर्षं वाचली असती माझी. मग मोठा झाल्यावर एका स्टुडिओत कामाला होतो, तिथे आलेखात नफ्याची रेघ लाल आणि तोट्याची हिरवी गेली माझ्या हातून. चूक माझीच होती, मान्य. पण जो माणूस माझ्यावर सगळ्यांसमोर ओरडला, "डोळे उघडे ठेवून काम करत जा", तो त्याआधी दीड वर्ष माझ्या शेजारी बसत होता. दीड वर्ष! मी दर वेळी शेजाऱ्याला हळूच विचारतो की हा कुठला रंग, हे त्याला रोज दिसत होतं, आणि त्याला वाटलं काय तर माझं लक्ष नसतं. राग अजून गेलेला नाही माझा, उगाच गेला म्हणणार नाही.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. तुझ्या सांगण्यावरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी ते ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं, इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१७ मध्ये काढलेली चाचणी, अजून तीच वापरतात. एकामागून एक पानं उलटत गेली आणि बहुतेक पानांवर मला आकडा दिसलाच नाही, नुसते ठिपके. बाहेर येऊन तुला सांगितलं तेव्हा तू "अरेरे" नाही म्हणालीस. त्याबद्दलही वेगळे आभार.

पण मला ज्यासाठी हे पत्र लिहायचं होतं ते यातलं काहीच नाही. ते त्यानंतरचं आहे. त्या रात्रीपासून तू अवांतर गप्पांत फोटो टाकलास की त्याखाली रंग लिहायला लागलीस. "गादी गर्द हिरवी, मांजर भुरं, मागची भिंत फिकट गुलाबी." "आज आभाळ जांभळट, खालच्या कडेला नारिंगी." "नवा मग. विटकरी, कान निळा." कशासाठी लिहितेस ते कधी सांगितलं नाहीस. माझं नाव घेतलं नाहीस, कुणाला सूचना केली नाहीस, इथे एकाला दिसत नाही बरं का, सांभाळून घ्या, असलं काही नाही. नुसतं लिहीत राहिलीस. तुझं बघून तो "आणि म्हणे डिझायनर" वालाही लिहायला लागला, त्यानं एकदा नव्या बुटांखाली लिहिलं होतं "रंग राखाडी, पण थोडा चिखलही आहे", आणि मी स्क्रीनसमोर एकटाच हसलो होतो. आता तर ती आपल्या गप्पांची सवयच झालीये. नवीन आलेल्यांना वाटतं इथली पद्धतच आहे.

ताई, तुझं मांजर भुरं आहे हे मला दोन वर्षं माहीत नव्हतं. मी त्याला हिरवट समजत होतो आणि कुणाला विचारायची सोय नव्हती.

एकदा तू अशीच सहज जॉन डाल्टनची गोष्ट टाकली होतीस, तो अणूवाला डाल्टन. त्यानं १७९४ मध्ये स्वतःच्याच दृष्टीवर निबंध वाचला होता, की जिरेनियमचं जे फूल सगळ्यांना गुलाबी दिसतं ते मला दिवसा आभाळासारखं निळं दिसतं आणि मेणबत्तीच्या उजेडात लाल, आणि ज्याला ते तसंच दिसतं असा दुसरा माणूस म्हणजे माझा भाऊ. त्याला वाटायचं आपल्या डोळ्याच्या आत भरलेलं पाणीच निळं असणार, म्हणून मेल्यावर डोळे तपासा असं सांगून ठेवलं होतं त्यानं. १८४४ मध्ये तो गेल्यावर तपासले तर पाणी स्वच्छ निघालं. आणि जपून ठेवलेल्या त्या डोळ्यावरून १९९५ मध्ये डीएनए तपासून नक्की काय कमी होतं ते सापडलं. तू खाली लिहिलं होतंस, "दीडशे वर्षं थांबला बिचारा उत्तरासाठी." सगळ्यांनी वाचलं आणि पुढे गेले. मला कळलं की ही गोष्ट तू कुणासाठी शोधून आणलीस. मी त्या दिवशी काही लिहिलं नाही कारण लिहिताच येत नव्हतं.

आता कामात फरक पडलाय तोही सांगतो, म्हणजे तुला बरं वाटेल. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण दर बारात एकाला लाल-हिरव्याचा हा गोंधळ असतो, म्हणजे मोठी वर्गखोली घेतली तर त्यात मी एकटा नसतो. आकडा जुनाच आहे, पण मी एकटा नाही हे मला तुझ्यामुळे कळलं. अक्षर आणि त्याच्या मागचा रंग यांच्यात गडद-फिकटाचा साडेचारास एक एवढा तरी फरक हवा, कुठलीही खूण नुसत्या रंगावर सोडू नये, हे वेबचे नियम मी आधी परीक्षेसारखे पाठ केले होते. आता आलेख काढताना एक रेघ सलग ठेवतो, दुसरी तुटक, आणि नाव रेघेच्या टोकालाच लिहितो. चुकीचं भरलेल्या चौकटीला नुसती लाल कड देत नाही, शेजारी शब्दात लिहितो काय चुकलंय. काल त्या कॉलवर मी बोलल्यावर एक मुलगी म्हणाली की आमचं हे पान एकदा तू बघशील का. मला! रंग बघायला मला बोलावलं.

लोक म्हणतात त्या गप्पांत वेळ वाया जातो, कामाच्या ठिकाणी कामाचं बोला. मला विचाराल तर कामाचं बोलताना मला कुणीच ओळखलं नाही, तिथे मी जपून, लपवून, आधीच तपासून बोलायचो. लोकरीच्या गोळ्यांवर बोलताना पकडला गेलो. आणि पकडणारी माणूस तू निघालीस हे माझं नशीब. जगात अशी माणसं असतात, जी समोरचा उघडा पडतोय असं दिसलं की शांतपणे आपली चादर टाकतात आणि नंतर त्याची गोष्टही करत नाहीत. मी आता तसं वागायचा प्रयत्न करतो. परवा एक नवीन मुलगा गप्पांत काहीतरी चुकीचं लिहून एकदम गप्प झाला, मी त्याला वेगळा मेसेज टाकला. काय लिहायचं ते मला येतच होतं, तुझंच वाक्य ढापलं, "सांगायचं नसेल तर सोड."

आणखी एक. मी आजवर गप्पांत एकही फोटो टाकलेला नाही हे तुझ्या लक्षात आलं असणारच, तुझ्या काय लक्षात येत नाही. रंग लिहायला लागतील म्हणून टाकत नव्हतो. आज टाकलाय, खिडकीतल्या कुंडीचा. खाली लिहिलंय, "पानं हिरवी, कुंडी विटकरी, फूल गुलाबी असं दुकानदार म्हणाला, मला राखाडी दिसतंय." मांजराला बाजूला कर आणि बघ. कुंडीचा रंग मी कुणाला न विचारता लिहिलाय, चुकला असेल तर सांग.

तुझा,
गोळेवाला