तीन रिकाम्या बाटल्या परत नेणाऱ्या काकांना

आदरणीय काका, नमस्कार,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. इथे तरी मला मध्येच तोडता येणार नाही तुम्हाला.

सातवा महिना चालू होता. जर्मनीत न्यूर्नबर्गपासून तासाभरावरचं छोटं गाव, बाहेर चार वाजताच अंधार, आणि मला डोहाळे लागले ते थम्स अपचे. चिंचा नाहीत, कैऱ्या नाहीत, थम्स अप. आईला फोनवर सांगितलं तर ती आधी हसली आणि मग गप्पच झाली, कारण तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, येणं शक्य नव्हतं, आणि लेकीचे डोहाळे आपण पुरवायचे असतात हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी ट्रेनने जाऊन इंडियन दुकान पालथं घातलं, तिथे लिम्का मिळालं. बिचारा तेच घेऊन आला. मी प्यायले पण, पण ते ते नव्हतं.

मग आपल्या मराठी ग्रुपवर मेसेज टाकला की भारतातून कोणी येतंय का. उत्तरं आली ती अशी की अगं कोक पी ना, कंपनी एकच आहे, साखरेचं पाणी ते, सगळं सारखंच. एकट्या तुमचा फोन आला. ओळख ना पाळख, तुमची लेक इथे दोन गल्ल्या सोडून राहते एवढंच मला माहीत. आणि तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात, "काचेची की प्लॅस्टिकची?"

काका, त्या एका प्रश्नाला मी रडले. कारण ज्याला फरक कळतो तोच हे विचारतो.

मी मनमाडची. आमच्याकडे अंकाईच्या बाजूला तो सुळका आहे, नाव त्याचं हडबीची शेंडी, पण आमच्या घरात कोणीच ते नाव घ्यायचं नाही, थम्स अपचा डोंगर म्हणायचे, दिसतोच तसा, मूठ वळून अंगठा वर केलेला. पुण्याला शिकायला होते तेव्हा दौंड, नगर, कोपरगाव, येवला करत गाडी यायची आणि खिडकीतून तो अंगठा दिसला की मी बॅग खाली काढायचे, आलं घर. वडील रेल्वेच्या वर्कशॉपला होते. उन्हाळ्यात नळाला पंधरा पंधरा दिवस पाणी नसायचं आमच्याकडे, हंडे मोजून वापरायचो, आणि त्याच दिवसांत पगार झाला की वडील मला आणि दादाला कोपऱ्यावरच्या टपरीवर न्यायचे. एक बाटली, दोन स्ट्रॉ. पहिला घोट दादाचा कारण तो मोठा, शेवटचा माझा. शेवटच्या घोटात गॅस कमी झालेला असतो पण तो तळाचा असल्याने सगळ्यात गार लागतो असं मला वाटायचं, अजूनही वाटतं.

तुम्ही नाशिकचे निघालात हे कळल्यावर तर मला आपलंच माणूस सापडल्यासारखं झालं.

आता जे मला तुमच्याकडून कधीच कळलं नसतं, तुमच्या लेकीने सांगितलं म्हणून कळलं, ते लिहिते. तुमच्या गल्लीतला दुकानदार काचेच्या बाटल्या घरी न्यायला देत नव्हता, त्याला क्रेट मोजून परत करावा लागतो. तुम्ही त्याला सगळी गोष्ट सांगितलीत, चार बाटल्यांचं डिपॉझिट भरलंत आणि वर शब्द दिलात की बाटल्या परत आणून देतो. जर्मनीहून! मग काकूंची जुनी सुती साडी फाडून एकेक बाटली गुंडाळलीत, वर पेपर, मग पत्र्याचा डबा, आणि डबा बॅगेच्या मधोमध. तरी एक फुटलीच वाटेत. लेकीसाठी आणलेले पापड आणि तुमचा नवा स्वेटर चिकट झाला, पापड टाकूनच द्यावे लागले. माझ्या दारात उभे राहिलात तेव्हा यातलं एक अक्षर बोलला नाहीत. "तीनच आहेत गं," एवढंच म्हणालात, आणि ते सुद्धा चूक झाल्यासारखं.

मी बाटली हातात घेऊन कितीतरी वेळ नुसती फिरवत होते. त्या बाटल्या किती वेळा भरल्या आणि किती क्रेटमधून फिरल्या कोणास ठाऊक, पोटावर घासून घासून पांढरे पट्टे पडलेले, काच तिथे खरखरीत लागते, आणि त्याच्यावर तो लाल अंगठा. माझ्या बोटांना तो खरखरीतपणा आठवत होता, मला स्वतःला आठवत नव्हता.

"फ्रीझरला नको टाकू, फुटेल, खाली ठेव दोन तास," असं सांगून तुम्ही किचनमध्येच बसलात. आणि ते दोन तास काय मस्त गेले काका. 1977 साली तुम्ही कॉलेजला होतात, फेरा म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याने परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा 40 टक्क्यांवर आणायला सांगितलं होतं, कोकाकोलाने नकार दिला आणि गाशा गुंडाळला, जनता सरकारने स्वतःचं डबल सेव्हन नावाचं कोला काढलं आणि पार्लेच्या चौहान बंधूंनी थम्स अप, हे सगळं तुम्ही असं सांगत होतात की जणू कॉलेजच्या कँटीनमध्येच घडलं. ग्रुपवरच्या "कंपनी एकच" वाल्यांना पण तुम्ही तिथेच उत्तर दिलंत. 1993 ला कोकाकोला परत आली, पार्लेकडून थम्स अप विकत घेतलं हे खरं, पण लोकांनी ते सोडलं नाही म्हणून ते टिकलं, आणि चव वेगळी ती वेगळीच. कमी गोड, जरा तिखटसर, आणि गॅस असा की जिभेला चावतो. प्लॅस्टिकमधून गॅस हळूहळू निघून जातो, काचेत राहतो, म्हणून तुम्ही फोनवर तो प्रश्न विचारला होतात हे मला तेव्हा कळलं.

मग तुम्ही ओपनर लावला. फस्स आवाज झाला, बाटलीच्या तोंडातून ती जराशी वाफ निघते ना, ती निघाली, आणि पहिला घोट घेतला तर नाकात झिणझिण्या, डोळ्यांत पाणी, आणि मोठ्ठी ढेकर. डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं, अधूनमधून एखादी छोटी बाटली चालेल म्हणाल्या होत्या, म्हणून तीन बाटल्या मी तीन आठवडे पुरवल्या, दर रविवारी एक. तिसऱ्या बाटलीचा शेवटचा घोट आईला व्हिडिओ कॉलवर दाखवून प्यायले. ती म्हणाली, "झाले बाई पुरे डोहाळे." त्या दिवशी ती पहिल्यांदा निवांत दिसली मला. माझ्या आईच्या जिवावरचं ओझं तुम्ही उतरवलंत काका, आणि हे तुम्हाला माहीत पण नसेल.

आणि परत निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही आलात, रिकाम्या बाटल्या मागायला. मला वाटलं गंमत करताय. इथे पण बाटल्यांना फांड म्हणजे डिपॉझिट असतं, एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीमागे 25 सेंट, दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की पैसे परत, पण ही बाटली त्या मशीनने घेतलीच नसती, हिचं घर नाशिकला. तुम्ही त्याच साडीच्या तुकड्यांत परत तिन्ही बाटल्या गुंडाळल्यात आणि फुटलेल्या चौथीचं डिपॉझिट सोडून दिलंत.

आठवड्याने फोटो आला. लाल क्रेट, त्यात आपल्या तीन बाटल्या, मागे दुकानदार हसतोय. तो फोटो आमच्या फ्रिजवर लावलाय. लेक आता आठ महिन्यांची आहे, तिला कडेवर घेऊन फ्रिज उघडला की ती त्या लाल क्रेटवर हात मारते.

फुटलेल्या बाटलीचं आणि पापडांचं मला इतक्या उशिरा कळलं याचं फार वाईट वाटतं. स्वेटर मी विणायला घेतलाय, राखाडी, तुमच्या लेकीकडून माप घेतलंय, आता नको म्हणू नका.

जानेवारीत येतोय आम्ही. मनमाडला जायच्या आधी नाशिकला उतरणार. तुमच्या त्या दुकानाशी जाऊ, उभ्या उभ्या एकेक पिऊ आणि बाटल्या तिथल्या तिथे क्रेटमध्ये ठेवू.

तुमची,
मनमाडची लेक